वाचकांचे प्रश्न : फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोटरहोमचा मुक्काम

मोटरहोम घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्याने फिरणाऱ्या आणि तशी तयारी करणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : फ्रान्समध्ये मोटरहोममध्ये रस्त्याकडेला झोपलेले चालते असे काही जण सांगतात. काही जण म्हणतात, किनाऱ्यावर मुक्काम केला की दंड होतो. जूनमध्ये नॉर्मंडी आणि ब्रिटनी करायचा बेत आहे. खरे काय धरायचे?

दोन्ही खरे आहे, कारण तिथला कायदा गाडी उभी करणे आणि तळ ठोकणे यांत फरक करतो. वाहतुकीच्या नियमांपुरती मोटरहोम ही चारचौघींसारखीच गाडी. जिथे पार्किंग चालते तिथे ती उभी करता येते, आणि आतली माणसे झोपली आहेत की जागी, याच्याशी त्या नियमाला देणेघेणे नाही. पण ऑनिंग (गाडीच्या बाजूला ताणायचे कापडी छत) उघडली, खुर्च्या-टेबल बाहेर मांडले, दोरीवर टॉवेल वाळत घातले की तो तळ ठरतो. चाकांखाली लेव्हलिंगचे ठोकळे घातले तरी काही गावांत तळच धरतात. म्हणून साध्या पार्किंगमध्ये रात्र काढायची तर मुळातच सपाट जागा शोधा.

तळ ठोकायला समुद्राच्या काठावर बंदी आहे. संरक्षित निसर्गस्थळे, ऐतिहासिक वास्तूंचा परिसर आणि पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाभोवतीचे २०० मीटर, इथेही तीच बंदी लागू आहे. शिवाय प्रत्येक गावाच्या महापौराला पार्किंगवर जागेनुसार आणि वेळेनुसार निर्बंध घालता येतात, आणि किनाऱ्यावरची गावे हा अधिकार सढळपणे वापरतात. म्हणून गावात शिरताना पाटी वाचा आणि तिच्याखालची छोटी पाटीही वाचा. मोटरहोमच्या चित्राखाली रात्री दहा ते सकाळी सात अशी वेळ लिहिलेली असेल, तर दिवसा थांबा, पोहा, जेवा आणि संध्याकाळी निघा. काही पाट्यांवर बाण काढून गावाने मोटरहोमसाठी राखलेल्या जागेचा रस्ता दाखवलेला असतो, तिकडे जावे. पाटीच नसली तरी एका जागी सलग ७ दिवसांपेक्षा जास्त गाडी ठेवली की ते गैरपार्किंग होते आणि त्याला ३५ युरो दंड आहे.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. साध्या पार्किंगमधून रात्री पोलिसांनी उठवले तर गाडी चालवत जावे लागते, आणि फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. अशा रात्री चालकाने वाइनला हात लावू नये. प्यायचीच असेल तर त्या रात्री रीतसर जागा घ्यावी.

प्रश्न : मग रीतसर जागा म्हणजे कोणत्या? कॅम्पसाइट हाच एक मार्ग आहे का? खर्च किती धरावा?

कॅम्पसाइट हा सर्वांत महाग मार्ग. पोहण्याचा तलाव आणि मुलांचे खेळ हवे असतील तर तो घ्यावा. मोटरहोमवाल्यांचा खरा आधार म्हणजे ‘एर’, गावाने मोटरहोमसाठी राखलेला वाहनतळ (यापुढे ‘तळ’ म्हटले आहे तो हाच). झोपायला जागा आणि बहुतेक ठिकाणी पाणी भरायची, सांडपाणी सोडायची सोय असते. किनाऱ्यावर रात्रीचे साधारण ६ ते १५ युरो पडतात आणि वर पर्यटन कर लागू शकतो. उत्तरेकडे ल त्रेपोर, सोमच्या खाडीवरचे सें-व्हालरी आणि ल क्रोतुआ, सेनच्या मुखाशी ओंफ्लर, नैऋत्येला मिमिझाँ-प्लाज आणि काप्ब्रेतों, भूमध्य समुद्रावर ग्रुइसाँ आणि पालाव्हास ही ठिकाणे मोटरहोमवाल्यांच्या चांगल्या ओळखीची आहेत. ओंफ्लरचा तळ प्रचंड मोठा आणि बंदरापासून पायी जाण्याजोगा आहे. जुन्या गोदीकडे फेरफटका मारायचा तर गाडी हलवायची गरज पडत नाही.

‘कॅम्पिंग-कार पार्क’ या साखळीचे तळ फाटक लावून बंद असतात. तिचे कार्ड एकदा विकत घ्यायचे, त्यात पैसे भरायचे आणि फाटकावर दाखवायचे. प्रवेशाच्या क्षणापासून २४ तास मोजले जातात, म्हणजे दुपारी चारला आत गेलात तर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत निवांत. किती जागा रिकाम्या आहेत ते ॲपवर दिसते, ऑगस्टमध्ये याचा मोठा आधार वाटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये वेळ साधणे हेच अर्धे काम. रात्रीच्या गाड्या सकाळी नऊ ते अकरा या वेळात निघतात, जागा तेव्हाच मोकळी होते. संध्याकाळी सहाला समुद्राकाठच्या तळावर जागा मिळेल या भरवशावर राहू नका. सकाळी पोहोचा, गाडी लावा, मग फिरा. उशीर झालाच तर किनारा सोडून १०-१५ किलोमीटर आत जा. आतल्या गावांचे तळ त्याच दिवशी अर्धे रिकामे असतात.

शेतावर राहायला आवडत असेल तर ‘फ्रान्स पासियों’ची योजना पाहा. वर्षाचे शुल्क ३० युरोंच्या आसपास. द्राक्षमळेवाले, सायडर करणारे, चीज करणारे शेतकरी आपल्या आवारात २४ तास फुकट थांबू देतात. खरेदीची सक्ती नसते. आल्यावर भेटून बोलायचे, निघताना निरोप घ्यायचा, आणि गाडीत स्वतःचे शौचालय असायलाच हवे. नाँतभोवतीच्या मुस्कादे वाइनच्या मळ्यांतून किंवा नॉर्मंडीच्या सफरचंदांच्या बागांतून किनारा फार लांब नाही.

मात्र बागेतल्या ओल्या गवताची काळजी घ्या. बहुतेक मोटरहोमना इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो आणि वजन मागे. त्यामुळे पुढची चाके हलकी पडतात आणि गवतावर घसरतात. गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या दिशेला, शक्य तर उताराकडे ठेवा. चाक फिरू लागले की लगेच थांबा, कारण प्रत्येक फेरीत ते आणखी रुतते. पुढच्या चाकांसमोर प्लास्टिकच्या खाचेदार पट्ट्या घट्ट सरकवा, दुसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा, आणि गाडी हलली की पक्की जमीन येईपर्यंत थांबू नका. गाडीमागे कोणी उभे राहू नये, चाकाखालची पट्टी जोरात मागे फेकली जाते.

प्रश्न : पाणी भरायच्या खांबात टोकन टाकले, पण पाइप जोडेपर्यंत निम्मी वेळ गेली आणि टाकी अर्धीच भरली. शिवाय नळाला आपली जोडणी बसेना. क्रम काय ठेवावा?

त्या खांबाला तिकडे ‘बोर्न’ म्हणतात. टोकन पर्यटन कार्यालयात, कधी पावाच्या दुकानात मिळते. नव्या खांबांवर बँकेचे कार्ड चालते. एका टोकनात साधारण १०० लिटर पाणी किंवा तासाभराची वीज मिळते, पण पुष्कळ खांबांत पाणी लिटरवर नव्हे तर मिनिटांवर मोजतात. टोकन पडताच घड्याळ सुरू. म्हणून आधी सगळे जोडून ठेवा आणि टोकन शेवटी टाका.

जोडणीचे उत्तर आट्यांत आहे. फ्रेंच नळांवर १५/२१, २०/२७ आणि २६/३४ असे तीन आटे भेटतात, म्हणजे अनुक्रमे अर्धा, पाऊण आणि एक इंच. तिन्हींच्या पितळी किंवा प्लास्टिकच्या जोडण्या आणि चार जादा रबरी वायसर डब्यात ठेवा. बिनआट्याच्या तोटीसाठी क्लिपने आवळता येणारे रबरी टोक लागते. एवढ्या सामानाची किंमत एका रात्रीच्या तळापेक्षा जास्त नसते.

कामाचा क्रम घाणीकडून स्वच्छतेकडे ठेवा. आधी गाडी अशी आणा की सांडपाण्याचा व्हॉल्व्ह जमिनीतल्या जाळीच्या बरोबर वर येईल. एकाने खाली उतरून पाहावे, आरशातून अंदाज चुकतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पाणी थांबले की बंद केल्याची खात्री करा. मग शौचालयाची कॅसेट, म्हणजे बाहेर ओढता येणारी मैल्याची टाकी. आतले झाकण बंद असल्याशिवाय ती बाहेर ओढू नका, नाहीतर झाकणाचे रबर फाटते आणि पुढे गळती सुरू होते. कॅसेट १७ ते २० लिटरची, भरल्यावर वीस किलोच्या घरात जाते. ओतताना वरचे हवेचे बटण दाबून ठेवा. ते न दाबल्याने हवा अडते, पाणी गचके देत येते आणि पायावर उडते. दोन-तीन लिटर पाण्याने दोनदा खळबळा, मग रसायनाचा मापाचा डोस आणि दोन लिटर पाणी घालून परत बसवा.

कॅसेट धुवायचा नळ वेगळा असतो, त्यावर पिण्यायोग्य नसल्याची सूचना असते. पण घाईतली माणसे पिण्याच्या नळावरच कॅसेट खळबळतात, आणि कॅसेटचे तोंड त्या तोटीला टेकते. म्हणून हात धुऊन, गाडी थोडी पुढे घेऊन, पिण्याच्या नळाची तोटी आधी जंतुनाशकाने पुसा, काही सेकंद पाणी वाहू द्या आणि मगच आपला पाइप लावा. पाइप खाद्यपदार्थांसाठी चालणारा, स्वतःचा आणि फक्त याच कामाचा असावा. तळावर लोंबकळणारा पाइप वापरू नये.

हिवाळ्यात बर्फ धरण्याच्या भीतीने अनेक गावे खांबाचे पाणी बंद ठेवतात. नोव्हेंबर ते मार्च निघणार असाल तर भरलेल्या टाकीने पुढच्या गावी जा. त्याच दिवसांत सकाळी गरम पाण्याची टाकी आपोआप रिकामी झालेली दिसली तर ती बिघडलेली नसते. ट्रुमा कंपनीच्या बॉयलरचा सुरक्षा व्हॉल्व्ह सुमारे ३ अंशांना उघडतो आणि जवळपास ७ अंशांपर्यंत ऊब आल्याशिवाय बंद होत नाही. आधी हीटर लावून गाडी गरम करा, मग व्हॉल्व्ह दाबा आणि टाकी भरा.

प्रश्न : भांडी धुतलेले पाणी साबणाचेच असते. रात्री गटाराच्या जाळीत सोडले तर काय बिघडते?

सोडू नका. किनाऱ्यावरच्या गावांत रस्त्याकडेची जाळी बहुतेक वेळा पावसाच्या पाण्याची असते, आणि ते पाणी शुद्धीकरणाशिवाय थेट समुद्रात जाते. कांकालचे, आर्काशोंच्या उपसागरातले, मारेन-ओलेरोंचे कालवे (ऑयस्टर) त्याच पाण्यात वाढतात. कालव पाणी गाळून जगतो, म्हणून पाण्यातले जंतू त्याच्या मांसात साठतात, आणि माणसे तो कच्चा खातात. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आर्काशोंच्या उपसागरातल्या कालवांची विक्री प्रशासनाला बंद करावी लागली. मुसळधार पावसात मलनिस्सारण तुंबले होते आणि कालवांत नोरोव्हायरस सापडला होता. ऐन नाताळ-नववर्षात, वर्षातल्या सर्वांत मोठ्या विक्रीच्या दिवसांत, कालववाल्यांचा धंदा बुडाला. त्यात मोटरहोमचा दोष नव्हता, पण मैलापाणी त्या उपसागरात गेले की कोणाच्या ताटातला घास जातो हे त्यातून कळावे.

कॅसेटचे तर बोलायलाच नको. निळ्या रसायनातले जंतुनाशक सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारते, त्यामुळे शेतावर किंवा छोट्या कॅम्पसाइटवर कॅसेट रिकामी करायची असेल तर सेप्टिक टँकला चालणारे हिरवे रसायन वापरा आणि यजमानाला विचारूनच ओता. टाक्या भरत आल्या की पुढचा तळ गाठा. दोन माणसांना काटकसरीने १०० लिटर पाणी दोन-तीन दिवस पुरते, कॅसेटही तेवढीच चालते. म्हणजे दर दुसऱ्या दिवशी खांब असलेला तळ बेतात धरला की अडचण येत नाही.

प्रश्न : किटली लावली की तळावरची वीज जाते. गाडीत दोष आहे का?

बहुधा नाही. किती अँपिअर मिळतात ते पाहा. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट, आणि साधी किटली एकटी २००० ते २२०० वॉट खाते. १० अँपिअरवर किटली चालेल, पण त्याच वेळी विजेवरचा हीटर किंवा फ्रिज चालू असेल तर स्विच पडेल. १००० वॉटच्या आतली किटली घ्या किंवा पाणी गॅसवर तापवा. केबल २५ मीटर, २.५ चौरस मिलिमीटर तारेची आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळलेली केबल भार आला की तापते आणि आवरण वितळते. जुन्या जागी निळ्या औद्योगिक सॉकेटऐवजी फ्रेंच घरगुती सॉकेट असते, त्याचा ॲडॉप्टर जवळ असू द्या.

वीज नसलेल्या तळावर १०० अँपिअर-तासांच्या एजीएम बॅटरीतले निम्मेच वापरायचे धरा. दिवे, पंप, मोबाइल यांना ते दोन रात्री सहज पुरते. कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर दिवसभरात ३०-४० अँपिअर-तास तोच घेतो, मग छतावर सौर पॅनल हवे.

प्रश्न : परवाना, टोल आणि उंचीचे अडथळे यांविषयी थोडक्यात सांगाल का?

भारतीय परवान्यावर अल्पकाळच्या भेटीत गाडी चालवता येते, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत फ्रेंच भाषांतर असावे. गाडी ३५०० किलोंपर्यंतचीच भाड्याने घ्या. तिच्यापेक्षा जड गाडीला वेगळा परवाना लागतो आणि बाजूंना व मागे ‘अँगल मोर’ची (चालकाला न दिसणाऱ्या बाजूंची) सूचनापत्रके लावणे १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. ३५०० किलोंच्या आत आणि २ ते ३ मीटर उंचीच्या गाडीला टोलचा दुसरा वर्ग लागतो. ३ मीटर किंवा जास्त उंची झाली की तिसरा, म्हणून छतावर पेटी बसवण्याआधी फीत लावून मोजा. ब्रिटनीत टोल नाही. पॅरिसहून नॉर्मंडीला जाणाऱ्या ए१३ वर टोलनाकेच काढले आहेत, तिथे ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरावे लागतात. ते राहिले की दंडाचे पत्र भाड्याच्या कंपनीमार्फत महिन्याभराने येते.

समुद्राकाठच्या पार्किंगवर २ मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो, आणि झोपायची सोय असलेल्या बहुतेक व्हॅनही त्याहून उंच असतात. आपली उंची, रुंदी आणि लांबी कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा. फूट आणि मीटर दोन्ही लिहा.

प्रश्न : भरतीचे वेळापत्रक पाहा असे सगळे सांगतात. मोटरहोमवाल्याने त्यातून नेमके काय वाचायचे?

वेळ आणि गुणांक. फ्रान्समध्ये भरतीचा जोर २० ते १२० या आकड्यात सांगतात. ७० म्हणजे मध्यम, ९५ च्या वर उधाण, ४५ च्या खाली भांग, म्हणजे कमजोर भरती. पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, आणि दुसऱ्या दिवशी वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सें-मालो आणि मों-सें-मिशेलच्या उपसागरात उधाणाला पाणी १२ मीटरहून जास्त चढते. होड्या उतरवायच्या उतारावर, वाळूवर किंवा खाडीच्या गवताळ काठावर गाडी दुपारी कोरडी दिसते म्हणून लावू नका. जमिनीवरची ओली शेवाळ आणि समुद्रगवताची रेघ पाहा, पाणी तिथवर येते. गुणांक १०० च्या वर आणि वारा समुद्राकडून असेल तर लाटा धक्का ओलांडून रस्त्यावर दगडगोटे फेकतात, अशा रात्री पहिल्या रांगेतली जागा सोडून गावात जा.

नुआरमुतिए बेटाकडे जाणारा पॅसाज द्यु ग्वा हा सुमारे ४ किलोमीटरचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. ओहोटीच्या वेळेआधी दीड तास ते नंतर दीड तास, एवढ्यातच तो ओलांडायचा. वाटेतले उंच खांबांवरचे मचाण अडकलेल्यांचा जीव वाचवण्यासाठी आहेत, गाडी मात्र वाचत नाही. शिवाय तिथे खारे पाणी चाकांखालून उडून ब्रेकच्या नळ्यांवर आणि तळाशी बसते. बेटावर जायला १९७१ पासून पूल आहे, मोटरहोमने पुलानेच जावे. समुद्रात कोणी अडकलेले दिसले तर १९६ वर फोन करा, तो थेट सागरी बचाव केंद्राला लागतो. इतर कोणत्याही संकटाला ११२.

प्रश्न : झोपेत गॅस सोडून बेशुद्ध करतात आणि चोरी करतात, हे खरे आहे का? वेगळा अलार्म बसवावा का?

इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने हे शक्य नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. भूल देणारा वायू खिडकीतून सोडून, वायुविजन चालू असलेल्या गाडीतली माणसे जागी न होता आणि न मरता बेशुद्ध करायची, यासाठी लागणारी मात्रा चोराच्या आवाक्याबाहेरची आहे. चोऱ्या होतात त्या गाढ झोपेत किंवा गाडी रिकामी असताना. महामार्गाकडेच्या विश्रांतीस्थळांवर रात्र काढू नका, चोऱ्यांचा उपद्रव तिथेच सर्वाधिक. फाटा घेऊन पाच किलोमीटरवरच्या गावात झोपा. अलार्म बसवायचाच तर कार्बन मोनॉक्साइडचा बसवा, धोका तो खरा आहे. छतावरचे आणि जमिनीतले हवेचे झरोके थंडी वाजते म्हणून कापड कोंबून बंद करू नका.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्राकडे जातोय. तिथे भरती जेमतेम असते, मग काळजी कसली?

वारा आणि पाऊस. ग्रुइसाँकडे त्रामोंतान आणि कामार्गकडे मिस्त्राल हे जोरदार वारे वाहतात. गाडीचे तोंड वाऱ्याकडे करा, छताच्या खिडक्या बंद करून कुलपे लावा, ऑनिंग रात्री कधीच उघडी ठेवू नका. बाजूने वारा घेतला की गाडी रात्रभर हलते आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या झरोक्यातून शिरलेला वारा त्याची ज्योत विझवतो. फ्रिज सकाळी गार नसेल तर आधी हेच तपासा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तिथे काही तासांत महिन्याभराचा पाऊस कोसळतो आणि कोरडे ओढे नद्या होतात. ओढ्याच्या पात्रालगतचा किंवा पुलाखालचा तळ कितीही सावलीचा असला तरी नको. मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याचा इशारा रोज संध्याकाळी पाहा. त्यात जिल्हानिहाय हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग असतात. केशरीला सखल तळ सोडून उंचावर जा, आणि हे अंधार पडायच्या आत करा. लालला रस्त्यावर येऊच नका. उन्हाळ्यात हीच खबरदारी वणव्याची. जुलै २०२२ मध्ये आर्काशोंजवळच्या द्यून द्यु पिला या वाळूच्या टेकडीच्या पायथ्याचे पाच कॅम्पसाइट जळाले, आणि ती आग एका व्हॅनच्या विजेच्या बिघाडाने लागली होती. पाइनच्या रानात प्रवेश बंदीची पाटी असेल तर पुढे जाऊ नका, आणि वाळलेल्या गवतावर गरम सायलेन्सर येईल अशी गाडी लावू नका.